गाडगे, खराटा आणि आमचा पोटमाळा

मे महिन्यात आम्ही भावंडे जव्हारला जमलो ती घर रिकामे करायला. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती, आई मागच्या पावसाळ्यात गेली. वडिलांनी जव्हार आणि मोखाड्याच्या शाळांतून आयुष्यभर शिकवले आणि निवृत्तीनंतरही जव्हार सोडले नाही. मंगलोरी कौलांचे, पुढे ओटी आणि मागे पडवी असलेले ते घर बाहेरून लहान दिसायचे. आत मात्र किती सामान मावले आहे, याचा अंदाज आम्हाला पोटमाळ्याला शिडी लावल्यावर आला.

तांब्याची तीन घंगाळी, पितळेचे अकरा हंडे-कळशा, काशाची ताटे, लाडू वळायच्या वेळी लागणाऱ्या पराती, लग्नात आलेले तांब्ये-भांडी. प्रत्येकावर कोणाचे तरी नाव कोरलेले, तारीख घातलेली. शिवाय चार ट्रंका, वीस-पंचवीस वर्षांची कॅलेंडरे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, रिकाम्या बरण्या, झाकणे हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणे. जव्हारचा पाऊस कशालाच सोडत नाही. कापडाला बुरशी, कागदाला कसर, पितळेवर हिरवा थर. जपून ठेवलेले पुष्कळ सामान जपण्यामुळेच गेले होते.

दोन दिवस आमचे वाद चालले. एकाला जे भंगार वाटे ते दुसऱ्याला आईची आठवण वाटे. थोरल्या ताईने एक घंगाळ उराशी धरले आणि ते कोणालाही देणार नाही म्हणून बजावले. मात्र ठाण्याच्या तिच्या दोन खोल्यांत ते ठेवणार कुठे, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. तिसऱ्या दिवशी हंड्यांच्या उतरंडीमागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक तसबीर निघाली. काच तडकलेली, कडेने ओल धरलेली. एक म्हातारा, अंगावर चिंध्या, हातात खराटा. वडिलांच्या खोलीत वर्षानुवर्षे टांगलेले गाडगे महाराजांचे ते चित्र कधीतरी रंगकामाच्या वेळी खाली उतरवले गेले आणि वर पोटमाळ्यावर जाऊन पडले. ज्या माणसाने आयुष्यात एका मातीच्या भांड्यापलीकडे काही बाळगले नाही, तो आमच्या घरात अकरा हंड्यांच्या ओझ्याखाली दडपला गेला होता. आम्ही हसलो, पण त्या हसण्यात थोडी लाजही होती.

गाडगेबाबांचे चरित्र आपण शाळेत वाचलेले असते. स्वच्छतेचा संत म्हणून त्यांची ओळख इतकी पक्की झाली आहे की, खराट्याच्या शेजारचे ते गाडगे आपण विसरून जातो. खराटा रस्ता साफ करण्यासाठी होता. गाडगे हे जगण्याच्या एका हिशेबाचे नाव होते. तो हिशेब बाबांना कोठल्या पोथीत सापडला नव्हता. आपल्या घराची धूळधाण पाहून त्यांनी तो मांडला होता.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. झिंगराजींचे घर मुळात अगदीच हलाखीचे नव्हते. पण दारूने त्यांना धरले. देवाला बोकड, जातभाईंना जेवण आणि त्या जेवणाला दारू ही रीतच होती. रीत पाळली नाही तर चार लोकांत नाक कापले जाई, आणि पाळली तर घरातले एकेक जिन्नस बाहेर जाई. झिंगराजी तरुणपणीच गेले, तेव्हा सखुबाईच्या ओंजळीत सात-आठ वर्षांचे पोर होते आणि मागे म्हणावे असे काही उरले नव्हते. ती मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली.

दापुऱ्यात डेबू गुरे राखू लागला. पूर्णा नदीत पोहला, मोटेमागे उभा राहिला, नांगरामागे चालला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. शेतीत मात्र तो असा तयार झाला की, मामाचे रान त्याच्या हाताखाली बहरले. त्याच रानावर सावकाराची नजर गेली. मामा चंद्रभानजी भोळे होते, आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येणारे घरात कोणी नव्हते. कर्ज फिटले असे घरच्यांना वाटत होते, तरी सावकाराच्या वहीत ते वाढतच होते. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. जमीन ताब्यात घ्यायला आलेल्यांसमोर डेबूजी एकटा उभा राहिला, अशी हकिकत चरित्रकार सांगतात. पण एका माणसाच्या मनगटाने कागदावरचा अंगठा पुसता येत नाही.

म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत या माणसाने दोन घरे रिकामी होताना पाहिली. एक दारूने आणि जेवणावळींनी, दुसरे निरक्षरतेने आणि कर्जाने. पुढे पन्नास वर्षे त्यांनी गावोगाव जे सांगितले, त्याची मुळे या दोन घरांत आहेत.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी पाहुण्यांच्या पानात गोडाधोडाचे साधे जेवण वाढले. पंगतीत कुजबुज झाली, रागरुसवे झाले, पण त्या दिवसासाठी घरावर कर्ज चढले नाही. आज आपण ही गोष्ट दारूबंदीची म्हणून वाचतो. मला ती चार लोक काय म्हणतील या धाकाला दिलेल्या पहिल्या नकाराची वाटते. घरात वस्तूंचा ढीग वाढतो तो बहुतेक वेळा गरजेने वाढत नाही, त्या चार लोकांमुळेच वाढतो.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री, एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि एक मातीचे भांडे. पुढची बारा वर्षे ते कोठे कोठे फिरले याचा पुरता माग कोणालाच लागलेला नाही. कोठे कोणाचे लाकूड फोडून दिले, कोठे कोणाच्या शेतात राबले, मोबदल्यात भाकरीचा तुकडा घेतला आणि पुढे चालू लागले. लोकांनी त्यांना नावे ठेवली ती त्यांच्याकडे जे दिसले त्यावरून. गोधडी दिसली तिथे ते गोधडे महाराज झाले, चिंध्या दिसल्या तिथे चिंधेबुवा. शेवटी गाडगे चिकटले ते कायमचे.

त्या गाडग्याकडे जरा नीट पाहिले पाहिजे. त्यातच ते भाकरी-कालवण खात, त्यातच पाणी पीत, ऊन लागले तर डोक्यावर पालथे घालत. ताट, तांब्या आणि टोपी अशी तिन्ही कामे एका खापराने केली. पितळेला चिंच लागते, राख लागते, घासायला हात लागतात, वर्षाकाठी कल्हईवाला लागतो आणि रात्री दाराला कडी लागते. मातीच्या भांड्याला यातले काहीच लागत नाही. ते चोरायला कोणी येत नाही, आणि फुटले तर रडायला कोणी बसत नाही. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, पायांत दोन तऱ्हांची पायताणे, हा त्यांचा वेश वेडगळ वाटे. पण लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूही अजून उपयोगी पडतात, हे तो वेश न बोलता सांगत होता.

गावात आले की ते आधी रस्ता झाडायला घेत. त्यांना पाहून पोरे जमत, मग एखादा तरुण लाजून हातात झाडू घेई, संध्याकाळपर्यंत निम्मे गाव गटारी उपसत असे. रात्री कीर्तन. ते कीर्तन कोठल्याही परंपरेत बसणारे नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत, समोरच्यांकडूनच उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न उभा करत. शहाणा माणूस स्वतःच्याच उत्तरांत कसा अडकला हे त्याला शेवटी कळे, आणि तोवर सगळा मांडव हसत असे. देवाला बोकड का, लग्नाला कर्ज का, माणसाला शिवताना विटाळ का, अशी ती प्रश्नांची माळ असे. कोणाला ते पाया पडू देत नसत. कीर्तन संपले की गर्दी पांगायच्या आत ते बहुधा पुढच्या गावाची वाट धरत.

या कीर्तनांत भांडीकुंडी वारंवार येत. घरात पैसा नसेल तर भांडी विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोरांना शाळेत घाला, असा त्यांचा सांगावा होता. आज आपल्याला हे नुसते टाळीचे वाक्य वाटेल. त्या काळच्या शेतकरी घरात मात्र त्याला फार वजन होते. तेव्हा खेड्यात बँक नव्हती. पितळेचा हंडा आणि काशाचे ताट हीच गरिबाची ठेव होती. दुष्काळ पडला की तीच भांडी सावकाराकडे गहाण पडत आणि सुगीला सुटत, किंवा सुटतही नसत. म्हणून भांडे विक म्हणून सांगणे म्हणजे घरातली शेवटची ठेव मोड म्हणून सांगणे. ज्या माणसाच्या मामाची जमीन अक्षर न कळल्यामुळे गेली होती, त्याने ही ठेव कशात गुंतवावी याचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून दिले होते. वस्तू कमी करणे हे त्यांच्यासाठी पुण्यकर्म नव्हते. एका जागचे काढून दुसऱ्या, अधिक टिकाऊ जागी ठेवणे होते.

गंमत अशी की, स्वतः काहीच न बाळगणाऱ्या या माणसाच्या हातून बांधले गेले ते डोंगराएवढे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. पौषात तेथे यात्रा भरते. नदीच्या चिखलातून, घसरड्या काठावरून म्हातारीकोतारी माणसे चढताना पाहून बाबांनी १९०८ च्या सुमारास तेथे घाट बांधायला घेतला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती, म्हणून चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. गोरक्षणे, सदावर्ते, वसतिगृहे, शाळा झाल्या. पैसा लोकांचा, श्रम लोकांचे, मालकी कोणाचीच नाही. त्या धर्मशाळेत स्वयंपाकाला लागणारे पातेले आणि आमच्या पोटमाळ्यावरचे पातेले यांत धातूचा फरक नाही. पण आमचे पातेले तीस वर्षांत एकदाही चुलीवर चढले नव्हते, आणि धर्मशाळेचे रोज अनोळखी माणसांची पोटे भरत होते.

१९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती मुलांच्या शिक्षणासाठी. आंबेडकरांशी त्यांचा स्नेह होता. विद्येसाठी आयुष्य दिलेला पंडित आणि अक्षरशत्रू म्हणवणारा कीर्तनकार यांना एकमेकांचे काम नेमके कळले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा असाच जिव्हाळा होता. १९५४ मध्ये कराडला रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव आहे. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे गेला. त्या साऱ्या इमारतींतली एक वीटही बाबांनी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर ठेवली नाही.

येथवर ही गोष्ट वाचताना मन भरून येते. पण घर आवरायला बसलेल्या माणसाला एक प्रश्न टाळता येत नाही. बाबांनी गाडगे हाती घेतले ते स्वखुशीने. कुंताबाईंचे काय? नवरा रात्रीत निघून गेला तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे नवऱ्याचा शब्द महाराष्ट्रभर झेलला जाऊ लागला, धर्मशाळांच्या पायऱ्या चढून हजारो लोक विसाव्याला येऊ लागले, तरी त्यांच्या वाट्याला झोपडीच राहिली. लोकांच्या पैशाने बांधलेल्या जागेत आपल्या माणसांनी आरामात राहावे, हे बाबांना मंजूर नव्हते. न्यायाच्या दृष्टीने हे चोख होते. पण त्या न्यायाची किंमत ज्या बाईने मोजली, तिने तो निवाडा मागितला नव्हता. सखुबाईंनीही आधी नवऱ्यापायी घर गमावले आणि नंतर मुलगा जगाला देऊन टाकला.

मे १९२३ मध्ये बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. त्यांचा मुलगा गोविंद कुत्रा चावून दगावल्याची बातमी तेथे येऊन पोचली. त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. या प्रसंगाकडे भक्त विरक्तीची कसोटी म्हणून पाहतात. मला तो वाचताना दर वेळी कुंताबाई दिसतात. त्या वेळी त्यांच्याजवळ कोण होते? वस्तूंचा मोह सोडणे आणि माणसांची माया सोडणे यांतली रेघ बाबांना कोठे ओढावीशी वाटली, ती तशी ओढणे त्यांना किती जड गेले, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्यांच्या थोरवीला याने उणेपणा येतो असे मला वाटत नाही. पण त्यांच्या चरित्रातून आपण आपल्या घरासाठी काही उचलणार असू, तर हा धडाही उचलला पाहिजे की, त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. आपल्या विरक्तीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही. ताईच्या उराशी धरलेल्या घंगाळाबद्दल मी त्यानंतर काही बोललो नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, आणि तो खरखरीत, मिश्किल आवाज आजही ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. त्या बातमीने बाबा आतून खचले असे त्यांच्या निकटचे लोक सांगत. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा संसार आवरायला मागे कोणाला दोन दिवस बसावे लागले नाही. वाटण्या झाल्या नाहीत, कुलपे फोडावी लागली नाहीत.

पुढे त्यांच्या नावाने खूप काही झाले. २००० मध्ये महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले ते त्यांच्या नावाने. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. शाळांतून, कचेऱ्यांतून, ग्रामपंचायतींतून त्यांची तसबीर लागली. आमच्या वडिलांसारख्या शिक्षकांच्या घरीही ती आली.

आज घर आवरणे हा जगभर मोठा विषय झाला आहे. जपानच्या मारी कोंडो यांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिने मनाला आनंद होतो का ते पाहावे आणि होत नसेल तर तिला निरोप द्यावा, अशी पद्धत सांगितली आणि तिची पुस्तके घरोघर गेली. त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत थोरो नावाचा लेखक १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी खोपटे बांधून दोन वर्षे मोजक्या वस्तूंत राहिला होता. या सगळ्यांतून शिकण्यासारखे आहेच. पण गाडगेबाबांची कसोटी वेगळी होती. ही वस्तू मला आनंद देते का, असे त्यांनी विचारले नसते. ही वस्तू माझ्याकडे पडून राहिल्यामुळे कोणाचे अडते आहे, असे विचारले असते. पहिल्या प्रश्नाने घर मोकळे होते. दुसऱ्या प्रश्नाने मनाला जरा टोचणी लागते, आणि ती टोचणी त्यांना हवी होती.

हे सगळे मला पुस्तकात बसून सुचले असते तर त्याला फारसा अर्थ नव्हता. पण जव्हारमध्ये ते टाळता येत नाही. येथून मोखाड्याच्या वाटेला लागा, किंवा खाली दाभोसाकडे उतरा. पाड्यांवरच्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांत डोकवा. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, कोपऱ्यात नागली-वरईची कणगी, दोन-चार ॲल्युमिनियमची पातेली, पाण्याचे हंडे, वळणीवर कपडे. एवढ्यात घर संपते. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे पाहून साधेपणाचे कौतुक वाटते, भिंतीवरची चौकटीतली तांदळाच्या पिठाची चित्रे पाहून तर जास्तच. पण १९९२ मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली आणि सगळ्या महाराष्ट्राला या डोंगरातली घरे आतून दिसली. येथला कमी सामानाचा संसार पुष्कळदा कोणी निवडलेला नसतो. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. अख्खे घर दोन गाठोड्यांत बांधले जाते आणि ट्रकच्या हौद्यात चढते. असल्यातून सोडणे आणि मुळात नसणे या दोहोंना एकच नाव देणे म्हणजे दुसऱ्याच्या भुकेला उपास म्हणण्यासारखे आहे. बाबांना हा फरक पक्का कळत होता. त्यांनी भुकेल्याला कधी साधेपणा शिकवला नाही. भुकेल्याला त्यांनी अन्न दिले, उघड्याला वस्त्र दिले, आणि साधेपणा शिकवला तो लग्नात कर्ज काढून मांडव घालणाऱ्याला.

आमच्या घरी शेवटची काही वर्षे आईला सोबत म्हणून मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची एक बाई येत असे. आईच्या आजारपणात तिने जे केले ते आम्हा भावंडांना करता आले नाही. आवराआवरीच्या चौथ्या दिवशी ती आली तेव्हा आम्ही तिला हवे ते घेऊन जायला सांगितले. मला वाटले, पितळी हंडा घेईल, निदान एखादी परात. तिने पोटमाळ्यावरून उतरवलेल्या पसाऱ्याभोवती एक फेरी मारली. घंगाळाला हात लावून पाहिला आणि सोडून दिले. भट्टीवर ते नेणार कोण, असा साधा हिशेब असावा. मग तिने झाकण घट्ट बसणारा एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलला. कशाला, म्हणून ताईने विचारले. तिच्या मुलीचे शाळेचे दाखले, जातीचा दाखला आणि रेशनकार्ड पावसात भिजते, ते ठेवायला तिला काहीतरी हवे होते. मुलगी आश्रमशाळेत नववीत आहे, दहावीला बसणार आहे. त्या सगळ्या ढिगाऱ्यात तिला लागणारी एकच वस्तू होती आणि ती तिने एका फेरीत शोधली. आम्हाला चार दिवस पुरले नव्हते.

ती गेल्यावर आम्ही पुन्हा कामाला लागलो, पण वादावादी ओसरली होती. कॅलेंडरे रद्दीत गेली. दिवाळी अंक गावच्या वाचनालयाने घेतले. कपडे धुऊन, वाळवून, दुरुस्त करून मगच द्यायचे असे ठरले, कारण आपल्याला नको ते दुसऱ्याला देणे आणि दुसऱ्याला हवे ते देणे यांत अंतर असते. ताईचे घंगाळ ताईबरोबर ठाण्याला गेले. तिने त्यात तुळस लावल्याचे कळवले आहे. उरलेली भांडी वजनावर मोडीत काढली. त्यांवरची नावे शेवटची एकदा वाचली, वहीत उतरवून घेतली. त्या नावांना हंड्याएवढी जागा लागत नाही, दोन पाने पुरली. पितळेचे जे पैसे आले त्यांचे काय करायचे, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही. दहावीनंतर त्या मुलीला नाशिकला पुढे शिकायचे आहे.

तसबिरीची तडकलेली काच काढून मी नवी बसवून आणली. घरी आल्यावर ती कोठे लावावी याचा विचार केला आणि आमच्याच पोटमाळ्याच्या दाराशेजारी लावली. काहीतरी पुढे केव्हातरी लागेल म्हणून हातात घेऊन मी शिडी चढू लागलो की, खराटा घेतलेला तो म्हातारा समोर येतो. पुष्कळ वेळा मी तसाच खाली उतरतो.

दिवाळी झाली की त्या पाड्यावरून ट्रक सुटेल. दोन गाठोडी, चार पातेली, एक कोंबड्यांची पाटी वर चढेल. पत्र्याचा डबा मात्र यंदा भट्टीवर जाणार नाही. तो मुलीबरोबर आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणार आहे.